जगाच्या तेलावर खरी हुकमत कोणाची?

जगात सर्वाधिक तेल कोणता देश काढतो असे विचारले, तर अनेकांच्या तोंडी आजही सौदी अरेबियाचे नाव येते. प्रत्यक्षात हा मान गेली काही वर्षे अमेरिकेकडे आहे आणि दोघांतील फरकही थोडाथोडका नाही. अमेरिकी सरकारच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या आकडेवारीनुसार २०२३ साली जगात रोज सरासरी १० कोटी १८ लाख पिंपे तेल निघाले आणि त्यांतील २ कोटी १९ लाख पिंपे एकट्या अमेरिकेची होती. सौदी अरेबियाची १ कोटी ११ लाख आणि रशियाची १ कोटी ७ लाख पिंपे एकत्र केली, तर त्यांची बेरीज जेमतेम अमेरिकेच्या आकड्याला टेकते. पिंप हे तेलाच्या व्यवहारातले माप असून त्यात १५९ लिटर तेल मावते. वापराच्या बाजूलाही पहिला क्रमांक अमेरिकेचाच आहे. तिथे रोज साधारण दोन कोटी पिंपे, म्हणजे जगाच्या एकूण वापराचा पाचवा हिस्सा खर्ची पडतो. त्यामागे दीड कोटीहून अधिक पिंपे वापरणारा चीन आहे आणि पन्नास लाखांचा टप्पा ओलांडलेला भारत तिसऱ्या क्रमांकावर आहे.

हे आकडे खरे आहेत, मात्र त्यांवरून हुकमत कोणाची हे ठरवू गेल्यास फसगत होते. सर्वांत जास्त तेल काढणे आणि तेलाच्या बाजाराला आपल्या म्हणण्याप्रमाणे वळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील अंतर इतिहासाने एकदा फार स्पष्टपणे दाखवून दिलेले आहे.

१९३० साली पूर्व टेक्सासमध्ये तेलाचा प्रचंड साठा सापडला. जो तो विहिरी खोदू लागला आणि भाव पार कोसळला. तेव्हा टेक्सास राज्याच्या ‘रेलरोड कमिशन’ने प्रत्येक विहिरीतून किती तेल काढायचे याची मर्यादा ठरवायला सुरुवात केली. हे मंडळ मुळात रेल्वेवर देखरेख ठेवण्यासाठी स्थापन झाले होते, पण पुढची जवळजवळ चार दशके जगातील तेलाच्या भावाची नाडी त्याच्या हाती राहिली, कारण टेक्सासच्या विहिरींना ते त्यांच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी तेल काढू देत असे. १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलशी युद्ध पेटल्यावर अरब देशांनी अमेरिका व ब्रिटनला तेल देणे थांबवले. त्या वेळी अमेरिकेने आपल्या विहिरी थोड्या अधिक मोकळ्या सोडल्या आणि तो बहिष्कार काही आठवड्यांतच निष्प्रभ झाला. त्यानंतर चित्र पालटले. १९७० मध्ये अमेरिकेचे उत्पादन त्या काळच्या शिखरावर पोहोचून उतरणीला लागले, देशातील मागणी मात्र वाढतच राहिली, आणि मार्च १९७२ मध्ये मंडळाने विहिरींना पूर्ण क्षमतेने तेल काढण्याची मुभा दिली. याचा अर्थ हाताशी राखून ठेवलेले आता काही उरले नव्हते. दीड वर्षाने, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी पुन्हा तोच बहिष्कार पुकारला आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरच्या पुढे गेला. या दुसऱ्या वेळीही कच्च्या तेलाच्या उत्पादनात अमेरिका जगात पहिलीच होती. तिचा क्रमांक कायम होता, हुकमत मात्र हातातून निसटली होती.

आपले उत्पादन किंवा आपली खरेदी ज्याला हवी तेव्हा, हवी तितकी वाढवता किंवा घटवता येते, त्याचीच बाजारावर हुकमत चालते, असे या प्रसंगावरून माझे मत झाले आहे. उरलेले देश कितीही मोठे असले, तरी बाजार ठरवील तो भाव घेतात किंवा देतात.

थोड्याशा कमी-अधिक मालाला एवढे वजन का येते, हे समजून घेतले पाहिजे. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची आवक थोडी घटली की भाव तेवढ्याच प्रमाणात न वाढता कधीकधी दुप्पट होतो, कारण कांदा सगळ्यांनाच हवा असतो आणि त्याच्या जागी दुसरे काही चालत नाही. तेलाचे तसेच आहे. भाव चढला म्हणून मालमोटारी दुसऱ्या दिवशी विजेवर धावू लागत नाहीत, शेतातला पंप थांबत नाही, विमाने उतरवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे १०० पिंपांच्या बाजारात दोन-तीन पिंपांची तूट पडली, तरी ती भरून काढण्यासाठी खरेदीदारांची जी चढाओढ लागते तिने उरलेल्या सत्त्याण्णव पिंपांचाही भाव ठरतो.

अमेरिकेच्या आजच्या स्थानाकडे वळण्यापूर्वी मोजणीचा प्रश्न मिटवायला हवा, कारण निरनिराळ्या तक्त्यांत एकाच देशाचे निरनिराळे आकडे दिसतात आणि वाचक गोंधळतो. वर दिलेल्या २ कोटी १९ लाख पिंपांत केवळ कच्चे तेल नाही. नैसर्गिक वायूबरोबर निघणारे इथेन, प्रोपेन यांसारखे द्रवरूप घटक, मक्यापासून बनवलेले इथेनॉल, शुद्धीकरणात तेलाचे आकारमान वाढते ती वाढ, अशा सगळ्यांची ती बेरीज आहे. निव्वळ कच्चे तेल मोजले, तर २०२३ मध्ये अमेरिकेने रोज १ कोटी २९ लाख पिंपे काढली, रशियाने १ कोटीच्या किंचित वर आणि सौदी अरेबियाने ९७ लाख. अमेरिका तरीही पहिलीच राहते आणि कोणत्याही देशाने आजवर एका वर्षात काढलेल्या कच्च्या तेलाचा उच्चांकही त्या वर्षी तिच्याच नावे लागला, मात्र आघाडी बरीच कमी भरते. इथेनपासून प्लास्टिक बनते. त्यावर मोटार चालत नाही. त्यामुळे दोन तक्त्यांची तुलना करताना आत काय काय धरले आहे ते आधी पाहावे.

२००८ च्या सुमारास अमेरिकेचे कच्चे तेल रोज ५० लाख पिंपांवर घसरले होते. तिथून पंधरा वर्षांत ते अडीच पटींवर गेले, याचे श्रेय मुख्यतः पर्मियन खोऱ्याकडे जाते. टेक्सासचा पश्चिम भाग आणि शेजारच्या न्यू मेक्सिकोचा आग्नेय कोपरा मिळून हा कोरडा, उजाड मुलूख बनतो आणि आज अमेरिकेतील जवळजवळ निम्मे कच्चे तेल तिथून येते. तिथली विहीर नेहमीच्या विहिरीसारखी नसते. यंत्र आधी जमिनीत सरळ दोन-तीन किलोमीटर खोल जाते, मग आडवे वळते आणि शेल या घट्ट खडकाच्या थरातून आणखी तीन-तीन किलोमीटर सरकत राहते. त्यानंतर पाणी, वाळू आणि रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला केसासारख्या बारीक भेगा पाडतात. वाळूचे कण त्या भेगांत अडकून त्या मिटू देत नाहीत आणि खडकात कोंडलेले तेल झिरपून विहिरीत येते. ही विहीर सुरुवातीला जोमाने वाहते, पण पहिल्या वर्षाच्या अखेरीस तिचे उत्पादन अर्ध्याहून खाली आलेले असते. म्हणून उत्पादन नुसते टिकवण्यासाठीसुद्धा नव्या विहिरी सतत खोदाव्या लागतात आणि त्यासाठी भाव पुरेसा चढा असावा लागतो. अलीकडच्या काळात नवी विहीर परवडण्यासाठी पिंपामागे साधारण ६० ते ६५ डॉलर मिळावे लागतात, असे तिथल्या कंपन्यांचे म्हणणे आहे.

आणखी एक गोष्ट अमेरिकेला बाकीच्या तेलसंपन्न देशांपासून वेगळी करते. बहुतेक देशांत जमिनीखालची खनिजे सरकारच्या मालकीची असतात. अमेरिकेत मात्र खाजगी जमिनीखालचे तेल सामान्यतः खाजगी मालकीचे असते आणि मालक ते हवे त्या कंपनीला भाडेपट्ट्याने देऊन उत्पन्नातला हिस्सा घेतो. तेथील तेलउद्योग असा शेकडो कंपन्यांत आणि असंख्य जमीनमालकांत विखुरलेला आहे. किती विहिरी खोदायच्या याचा निर्णय प्रत्येक कंपनी आपल्या भागधारकांकडे पाहून घेते. राष्ट्राध्यक्षांना परवाने सैल करता येतात, सरकारी जमिनी खुल्या करता येतात, सरकारी साठ्यातले तेल बाजारात ओतता येते (२०२२ मध्ये १८ कोटी पिंपे अशी सोडण्यात आली होती), पण ‘पुढच्या महिन्यात दहा लाख पिंपे वाढवा’ असा हुकूम त्यांना देता येत नाही. अमेरिकेची तेलसंपत्ती अफाट आहे, पण ती एका हातात नाही.

तरीही अमेरिका परदेशांतून तेल विकत घेते, आणि हे अनेकांना कोड्यात टाकते. त्याचे कारण तेलाच्या प्रकारांत आहे. शेलमधून निघणारे तेल हलके व कमी गंधकाचे असते. मेक्सिकोच्या आखाताच्या काठावरचे मोठे शुद्धीकरण कारखाने मात्र व्हेनेझुएला, मेक्सिको, कॅनडा येथील जड तेल गाळण्यासाठी अब्जावधी डॉलर खर्चून बांधलेले आहेत. तेव्हा आपले हलके तेल विकायचे आणि जड तेल आणायचे हे त्यांच्या सोयीचे पडते. १९७५ पासून कच्च्या तेलाच्या निर्यातीवर असलेली बंदी डिसेंबर २०१५ मध्ये उठल्यावर हा व्यवहार मोकळा झाला. २०२३ मध्ये अमेरिकेने रोज सुमारे ४० लाख पिंपे कच्चे तेल निर्यात केले आणि त्याहून अधिक आयात केले. आयातीतील निम्म्याहून जास्त तेल शेजारच्या कॅनडाचे होते.

सौदी अरेबियाची ताकद याच्या उलट जागी आहे. त्याच्या भूगर्भातील घवार हे जगातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र सुमारे २८० किलोमीटर लांब पसरलेले आहे आणि १९४८ मध्ये सापडल्यापासून ते अजून वाहते आहे. तिथले तेल वर काढण्याचा खर्च पिंपामागे दहा डॉलरच्याही खाली आहे. संपूर्ण उद्योग सौदी अराम्को या एका सरकारी कंपनीकडे आहे आणि त्या कंपनीचे मोठे निर्णय राजघराण्याकडे आहेत. रोज १ कोटी २० लाख पिंपे काढण्याची क्षमता असताना २०२३ च्या मध्यापासून या देशाने कच्चे तेल मुद्दाम ९० लाख पिंपांवर रोखून धरले. त्या वेळी राखून ठेवलेली एवढी, तीस लाख पिंपांची क्षमता जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशाकडे नव्हती. ती बाळगण्याचा खर्च मोठा असतो, कारण विहिरी, नळ, पंप सारे तयार ठेवायचे आणि वापरायचे नाही. नफ्यासाठी चालणारी कोणतीही खाजगी कंपनी असे करणार नाही. १९७२ मध्ये टेक्सासच्या हातून सुटलेली किल्ली आज आहे ती इथे.

ही किल्ली किती महत्त्वाची आहे आणि तितकीच नाजूकही, हे १४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे दिसले. घवारमधून वर येणाऱ्या तेलात वायू आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड विरघळलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय तेल जहाजात भरणे धोक्याचे असते, आणि हे काम अबकैक येथील एका अवाढव्य प्रकल्पात चालते. त्या पहाटे नेमक्या या प्रकल्पावर आणि खुरैस येथील तेलक्षेत्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला. नंतर प्रसिद्ध झालेल्या उपग्रहचित्रांत वायू वेगळा करणाऱ्या गोलाकार टाक्यांना एकाच बाजूने पडलेली भोके स्पष्ट दिसत होती. येमेनमधील हूथी बंडखोरांनी हल्ल्याची जबाबदारी घेतली, तर सौदी अरेबिया व अमेरिका यांनी इराणला दोषी ठरवले. दोषाचा वाद चालू राहिला, पण तेवढ्यात रोजची ५७ लाख पिंपे, म्हणजे देशाचे निम्मे आणि जगाचे सुमारे पाच टक्के उत्पादन बंद पडले होते. सोमवारी बाजार उघडला तेव्हा भाव एका दिवसात सुमारे पंधरा टक्के चढला. साठ्यातले तेल वापरून आणि दुरुस्ती वेगाने उरकून सौदीने काही आठवड्यांत पुरवठा सावरला, मात्र जगाची आपत्कालीन टाकी ज्याला म्हणायचे तीच फुटू शकते, हे सगळ्यांना कळून चुकले.

सौदी अरेबिया एकटा निर्णय घेत नाही. सप्टेंबर १९६० मध्ये बगदादमध्ये इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला या पाच देशांनी ‘ओपेक’ ही संघटना स्थापन केली, ती पाश्चात्त्य तेलकंपन्या परस्पर भाव कमी करत होत्या म्हणून. २०१६ च्या अखेरीस रशिया, कझाकस्तान वगैरे देशांना सोबत घेऊन ‘ओपेक प्लस’ ही मोठी आघाडी झाली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगाची मागणी कोसळली, तेव्हा या आघाडीने रोज ९७ लाख पिंपांची कपात ठरवली आणि एवढी मोठी कपात त्यापूर्वी कधीही झाली नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेची उघड नाराजी पत्करून तिने आणखी २० लाख पिंपे घटवली.

या अधिकारालाही सीमा आहे. २०१४ मध्ये शेल तेलाचा पूर आला, तेव्हा सौदी अरेबियाने कपात करायचे नाकारले आणि भाव पडू दिला. महाग शेल तेल आपोआप बंद पडेल असा तो हिशोब होता. शंभर डॉलरच्या वरचा भाव २०१६ च्या आरंभी तीसच्या खाली आला, कित्येक अमेरिकी कंपन्या बुडाल्या, पण उरलेल्यांनी खर्च कमी करण्याच्या युक्त्या शोधल्या आणि भाव सावरताच त्या पुन्हा उभ्या राहिल्या. उलट कपात करून भाव चढवला, तर त्याचा लाभ ओपेकबाहेरचे उत्पादक घेतात. ब्राझीलच्या समुद्रतळाखालचे तेल आणि २०१९ च्या डिसेंबरपर्यंत एक थेंबही न काढणाऱ्या गयानाचे झपाट्याने वाढलेले उत्पादन ही त्याची ताजी उदाहरणे आहेत. शिवाय राज्यकारभाराचा आणि नव्या नगरांच्या योजनांचा खर्च भागवण्यासाठी सौदीला पिंपामागे नव्वद डॉलरहून अधिक भाव लागतो, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा २०२४ मधला अंदाज होता. दहा डॉलरच्या आत निघणाऱ्या तेलालाही एवढा चढा भाव हवा असतो, तो या कारणाने.

भूगर्भात किती साठा आहे याला वर्चस्वाची खूण मानणाऱ्यांनी व्हेनेझुएलाकडे पाहावे. अधिकृत नोंदीनुसार जगातील सर्वांत मोठा, ३० हजार कोटी पिंपांचा साठा त्या देशाकडे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो रोज ३० लाखांहून अधिक पिंपे काढत होता आणि २०२३ मध्ये दहा लाखसुद्धा गाठू शकला नाही. ओरिनोको पट्ट्यातील तेल डांबरासारखे घट्ट आहे आणि ते वाहते करण्यासाठी सतत भांडवल, हलके तेल आणि जाणकार माणसे लागतात. २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेलकंपनीतून हजारो अनुभवी कर्मचारी काढून टाकले गेले, पुढे गुंतवणूक आटली आणि नंतर अमेरिकेचे निर्बंध आले. एवढी संपत्ती पायाखाली असताना लाखो लोकांना देश सोडावा लागला, ही माझ्या मते तेलाच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक घटनांपैकी एक आहे.

रशियाचे बळ त्याच्या प्रमाणात आहे. एवढे तेल बाजारातून एकदम काढून घेणे कोणालाही परवडत नाही, आणि २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर ही गोष्ट सिद्ध झाली. युरोपने रशियन तेल जवळजवळ बंद केले. श्रीमंत देशांच्या जी-७ गटाने पिंपामागे ६० डॉलरची कमाल मर्यादा घातली आणि त्याहून महाग तेल वाहणाऱ्या जहाजांना आपल्या कंपन्यांचा विमा नाकारला. तेल मात्र थांबले नाही, वाट बदलून आशियाकडे वळले. युद्धापूर्वी भारताच्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्याही आत होते, २०२३ मध्ये ते एक तृतीयांशाच्या पुढे गेले. पाश्चात्त्य देशांनी ते होऊ दिले, कारण रशियाचे तेल जगाला मिळत राहावे आणि रशियाला पैसा मात्र कमी मिळावा, अशीच त्या मर्यादेची आखणी होती. जहाजाचा विमा, बँका आणि डॉलरमधील देवघेव या मार्गाने चालणारी ही वेगळ्या प्रकारची हुकमत आहे, आणि तिच्यात अमेरिका व युरोप यांना आजही तोड नाही.

आता वापरणाऱ्यांकडे पाहू. गेल्या पंचवीस वर्षांत जगाच्या मागणीत जी वाढ झाली तिचा सर्वांत मोठा वाटा चीनचा आहे. १९५९ मध्ये दाचिंगचे तेलक्षेत्र सापडल्यावर हा देश स्वयंपूर्ण झाला, काही काळ निर्यातही करू लागला, पण १९९३ मध्ये त्याची आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली आणि आज रोज १ कोटी १० लाखांच्या आसपास पिंपे आणणारा तो जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे. भाव पडला की चीन आपल्या टाक्या भरून घेतो आणि चढला की खरेदी सैल करतो. म्हणून बीजिंगमधल्या खरेदीदारांच्या हालचालींकडे बाजाराचे लक्ष रियाधइतकेच असते. त्याहून मोठा बदल रस्त्यांवर घडतो आहे. २०२४ च्या मध्यापासून चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक विजेवर किंवा वीज-पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या असतात. उत्पादन वाढवण्याची राखीव क्षमता जशी सौदीकडे आहे, तशी तेलाची गरज कायमची कमी करण्याची क्षमता चीन उभी करत आहे, आणि पुढच्या वीस वर्षांत तीच अधिक वजनदार ठरेल असे मला वाटते.

वापराचा आकडा माणशी मोजला की चित्र पार बदलते. अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे २२ पिंपे तेल लागते, चीनमध्ये चार आणि भारतात दीडसुद्धा नाही. अमेरिकी नागरिक केवळ पेट्रोलच रोज सुमारे ८९ लाख पिंपे जाळतात. भारतातील १४० कोटी लोकांची डिझेल, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, विमानांचे इंधन, डांबर अशी सगळी गरज त्यापेक्षा पुष्कळ कमी तेलात भागते. स्वतः सौदी अरेबियात तर माणशी वापर अमेरिकेच्याही वर आहे, कारण तिथे उन्हाळ्यात वातानुकूलनासाठी लागणारी वीज बनवायला कच्चे तेलच जाळले जाते. ‘भारत जगातील तिसरा मोठा तेलग्राहक’ हे वाक्य वाचताना हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले नाही, तर आपल्याबद्दल फार चुकीची समजूत होते.

नकाशाचेही स्वतःचे वर्चस्व असते. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे आणि २०२४ मध्ये तिथून रोज सुमारे दोन कोटी पिंपे तेल गेले, म्हणजे जगाच्या वापराचा पाचवा भाग. सौदी अरेबियाची तांबड्या समुद्राकडे जाणारी आणि संयुक्त अरब अमिरातीची, सामुद्रधुनीबाहेरच्या फुजैरा बंदराकडे जाणारी नळवाहिनी सोडल्यास आखातातील तेलाला दुसरी मोठी वाट नाही. वर वर्णन केलेली सौदीची राखीव क्षमतासुद्धा बव्हंशी याच दाराच्या आत आहे, ही अडचण विसरता येत नाही. या वाटेने जाणाऱ्या कच्च्या तेलातले पाचांतले चार भाग आशियात येतात, मुख्यतः चीन, भारत, जपान आणि दक्षिण कोरियाकडे. अमेरिकेचे आरमार ज्या वाटेची राखण करते, तिथून स्वतः अमेरिकेला आता फारच थोडे तेल जाते.

या सगळ्या मांडणीत भारताची जागा नाजूक आहे. आपण वापरतो त्या कच्च्या तेलातली शंभरातील ८७ पिंपे बाहेरून येतात. १९७४ मध्ये समुद्रात विहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर अरबी समुद्रात तेल शोधले आणि १९७६ मध्ये ते निघू लागले, तेव्हा देश लवकरच स्वयंपूर्ण होईल अशी आशा होती. १९८० च्या दशकाच्या मध्याला ‘बॉम्बे हाय’ या त्या तेलक्षेत्राने देशाच्या गरजेचा मोठा वाटा उचललाही. समुद्रतळावरच्या नळांतून ते तेल आजही उरणला येते आणि पुढे माहुलच्या कारखान्यांत जाते, पण क्षेत्र म्हातारे झाले आहे आणि त्याचे उत्पादन शिखरकाळाच्या एक तृतीयांशाच्याही खाली गेले आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २.९ कोटी टन कच्चे तेल निघाले, तर पेट्रोलियम पदार्थांचा वापर २३ कोटी टनांच्या पुढे गेला.

भारताचे खरे बळ तेल गाळण्यात आहे. आपल्या कारखान्यांची एकूण क्षमता वर्षाला २५ कोटी टनांहून अधिक असून जामनगरचा खाजगी प्रकल्प दिवसाला १२ लाखांहून अधिक पिंपे गाळणारा, जगातील सर्वांत मोठा प्रकल्प आहे. हलके, जड, गंधकयुक्त असे जवळजवळ कोणतेही तेल पचवता येत असल्यामुळेच रशियाचे तेल स्वस्त होताच भारताला पुरवठादार बदलता आला. खरेदीदाराला घासाघीस करता येते ती या लवचीकपणामुळे. विक्रेत्यांनाही याची जाणीव आहे. वर्षाला सहा कोटी टन क्षमतेच्या रत्नागिरी शुद्धीकरण प्रकल्पात भागीदारी करण्यासाठी सौदी अराम्कोने २०१८ मध्ये करार केला, तो भारताच्या वाढत्या मागणीत आपल्या तेलाला कायमचे गिऱ्हाईक मिळावे म्हणून. नाणार आणि नंतर बारसू येथील ग्रामस्थांनी बागायती, मासेमारी आणि सड्यांचे, म्हणजे कातळाच्या पठारांचे, काय होणार हा प्रश्न लावून धरला आणि प्रकल्प अडला. जगातील सर्वांत मोठ्या तेलकंपनीची योजना कोकणातल्या ग्रामस्थांच्या विरोधापाशी थांबू शकते, हेही हुकमतीचा हिशोब मांडताना नोंदवले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२४ मधील अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातील तेलाच्या मागणीत सर्वांत मोठी भर भारताची असेल. हे भाकीत उत्पादक देशांना आपल्याकडे अदबीने पाहायला लावते आणि त्याच वेळी आपला धोकाही वाढवते. आपत्कालासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील खडकांत खोदलेल्या गुहांत मिळून ५३ लाख टन कच्चे तेल ठेवता येते. त्या काठोकाठ भरल्या, तरी त्यांतले तेल देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरते. त्यात तेलकंपन्यांकडचा साठा मिळवला, तर सरकारच्या हिशोबाने सुमारे ७४ दिवसांची सोय होते.